डाव्या पायावर उतरताना

१८ नोव्हेंबर, मंगळवार. राजूर

इथं येऊन आठवडा झाला. बाबांना सांगितलंय की पंधरा दिवसांची सुट्टी आहे. परतीचं तिकीट मी काढलेलंच नाही.

कित्येक वर्षांनी मराठीत काही लिहितेय. अक्षर शाळेतल्यासारखंच येतंय, म्हणजे वाईट.

मी पोलंडमधल्या एका बॅले कंपनीत नाचते. "नाचत होते" असं लिहायला हात वळत नाही. जूनमध्ये डाव्या पायाच्या कमानीतल्या एका लहानशा हाडाला चीर गेली. ऑपरेशन झालं, आत स्क्रू बसवला. डॉक्टर म्हणाले, चालशील नक्की, उड्यांचं नंतर बघू. ते नंतर अजून आलेलं नाही.

हे कोणालाच माहीत नाही. म्हणजे कंपनीत माहीत आहे, बाबांना थोडंफार माहीत आहे. पण इन्स्टाग्रामवर लाखाच्या वर माणसं माझा नाच बघतात, त्यांना माहीत नाही. गेल्या दोन वर्षांतले तालमीचे, प्रयोगांचे भरपूर व्हिडिओ फोनमध्ये पडून आहेत. एक दिवसाआड त्यातला एक टाकते. खोटं मी काहीच लिहीत नाही. फक्त तारीख लिहीत नाही.

खिडकीच्या चौकटीवर कोळशाची काळी पूड बसते. सकाळी पुसली की दुपारी परत.

२१ नोव्हेंबर

बाबा आज पुन्हा विचारत होते, "तिकीट कधीचं हाय वो पोरी?"

"ठरलं की सांगते."

"नाही, सांगून ठेवजो. एकदम नको सांगू."

आई गेल्यापासून चार वर्षं ते एकटेच राहतात. खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते, निवृत्त झाले, मग या दोन खोल्या बांधल्या. त्यांची घडी बसलेली आहे. मध्ये मी येऊन पडले. आज त्यांनी माझ्या ताटात परत परत भाजी वाढली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

पायाचा एक्स-रे काढायला वणीला गेले होते. धुळीसाठी तोंडाला ओढणी बांधली होती, इथं सगळ्याच बायका बांधतात. दवाखान्यातून निघून ऑटो शोधत होते, तर समोरच्या इमारतीवर मी. मोठा फ्लेक्स. हवेत उडी मारलेली, दोन्ही हात पसरलेले, पांढरा पोशाख. माझ्याच अकाउंटवरून उचललेला फोटो. खाली लिहिलं होतं, 'बॅले डान्स क्लास. फक्त मुलींसाठी. अतिया मॅडम.'

डोकं असं तापलं की पायाचं दुखणं विसरून जिना चढले. खाली टायरचं दुकान, वर पत्र्याचं छत असलेली लांब खोली. ना आरसा, ना भिंतीला धरून सराव करायची दांडी. सतरंजीवर दोन-तीन आया बसलेल्या. दहा-बारा मुली, कोणी लेगिंग्जमध्ये, कोणी सलवार वर खोचून. त्यांच्यापुढे पस्तिशीची एक बाई, डोक्याला दुपट्टा, हातात मोबाइल. मोबाइलवर मी नाचत होते. ती बघायची, मग मुलींना करून दाखवायची. चुकीचं.

मी दारात उभी राहिले. तिनं वळून बघितलं आणि बघतच राहिली. तोंडाकडे नाही, पायांकडे. चप्पल मळलेली होती, त्यामुळे असेल.

"या ना ताई. पोरगी टाकाची हाय काय क्लासले?"

मी भांडायला आले होते. तोंडातून निघालं, "भाची आहे."

"नाव काय तुमचं?"

"शीला," मी म्हटलं. आईचं नाव. का, ते मलाही कळलं नाही.

"शीला…ताई," ती थांबून म्हणाली. "बसा. खाली नका बसू, खुर्ची देते." आणि खरंच आतून खुर्ची आणली. बाकीच्या आया सतरंजीवरच होत्या. माझ्या डोळ्यांत राग दिसला असावा.

मग ती फोनमधला फोटो दाखवत मला सांगायला लागली, पण का कोण जाणे माझ्याकडे न बघता. "ह्या प्रेरणा मॅडम. आपल्या राजूरच्या. मी तं काही शिकली नाही ताई, ह्यायचंच पाहून पाहून करते. पोरीयले सांगते, का राजूरवरून इतक्या दूर जाता येते, तं तुम्ही निदान ह्या खोलीत तं नाचा."

त्यानंतर मुलींनी उड्या मारल्या. मला खुर्चीतून उठवेना.

सगळ्या मुली उडी मारून डाव्या पायावर उतरत होत्या आणि पाय टेकताच घाईघाईनं भार उजव्यावर घेत होत्या, उजवा हात बाहेर फेकून. एकसारख्या. ही कुठल्याच बॅलेतली हालचाल नाही. मागच्या हिवाळ्यात डावा पाय दुखायला लागला तेव्हा मी तशी उतरायचे. हात फेकला की लोकांचं लक्ष पायाकडे जात नाही. आमच्या तालीम घेणाऱ्या बाईंनाही ते कळलं नव्हतं. वणीतल्या या मुलींनी मात्र माझं दुखणं नाच समजून पाठ केलं होतं.

जिना उतरून खाली आले.

२९ नोव्हेंबर

पुन्हा गेले. भाचीची परीक्षा चालू आहे, असं सांगितलं. अतियानं फारशी चौकशी केली नाही. खुर्ची आधीच ठेवलेली होती.

फ्लेक्स काढून टाकलाय. "वाऱ्यानं फाटला," म्हणाली. चार दिवसांत वारा काही सुटला नव्हता, पण जाऊ दे. रस्त्यावरून माझ्याकडे बघणारी मी आता नाही, एवढं बरं झालं.

मधेच ती म्हणाली, "ताई, हे हात असेच पाह्यजे का? तुम्हाले काय वाटते?" बहुतेक सगळ्याच पालकांना विचारत असेल. मी उठून एका मुलीचे खांदे खाली केले, कोपर जरा वर उचललं. मग दुसरीचे. मग उड्या. "दोन्ही पायांवर उतरा, गुडघे वाकवा, आवाज नको यायला," मी म्हटलं. अतियानं लगेच मुलींना सांगितलं, "आईकलं ना? आजपासून असंच."

नुजहत नावाची एक आहे. बारा वर्षांची. खाली टायरच्या दुकानाशेजारी ट्रक दुरुस्त करणाऱ्या युनूसभाईंची मुलगी. तिचं शरीर आपोआप ऐकतं. माझं तिच्या वयात ऐकत नव्हतं.

घरी येताना कितीतरी वेळानं लक्षात आलं की मी गुणगुणत होते.

३ डिसेंबर

कंपनीतल्या काशानं सकाळी माझ्या नव्या व्हिडिओखाली लिहिलं, "हा गेल्या वसंतातला ना? किती छान दिवस होते! पाय कसा आहे आता?"

काशानं आणि मी सहा वर्षं शेजारी शेजारी आरशासमोर बसून तोंड रंगवलं. तिनं प्रेमानंच लिहिलं होतं. मी ते पुसलं आणि तिला ब्लॉक केलं. बोटानं एवढंसं काम.

नंतर दिवसभर वाटत राहिलं की फोन वाजेल. माझा फोन कधी वाजतच नाही. त्यावर बदाम येतात, टाळ्या येतात, माणसाचा आवाज येत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

बाबा सकाळीच पांढरे कपडे घालून विहारात गेले. "चालते काय?" म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. लोक विचारतील, कधी आली, कधी जाशीन. ते दारात जरा थांबले आणि गेले. दुपारी आले ते सांगत होते की तिथं सगळ्यांनी माझी चौकशी केली. मग मी नाही म्हटलं ते बरंच झालं.

१० डिसेंबर

बाबांनी आज घरात भलतंच काम काढलं. बाहेरच्या खोलीतली खाट उचलून स्वयंपाकघरात नेली आणि रिकाम्या झालेल्या लांब भिंतीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लोखंडी पाइप ठोकला. कोपरे घासून गुळगुळीत केले, वर दोनदा रंग दिला.

"हे कायले?" मी विचारलं.

"मले उठाबसाले आधार लागते आता. गुडघे धरते."

पाइप माझ्या कमरेएवढा उंच. मी म्हटलं, बसलेल्या माणसाचा हात तिथवर पोचायचा नाही. ते पाइपाकडे बघत राहिले. "मोजमापात चूक झाली," म्हणाले. जन्मभर फिटरचं काम केलेला माणूस. वय झालं त्यांचं.

आता खाटेमुळे स्वयंपाकघरात वळायला जागा नाही. पाइपावर मी टॉवेल वाळत घातले. त्यांनी बघितलं आणि हत्यारांची पेटी बंद केली.

१३ डिसेंबर

नवा व्हिडिओ टाकला. मागच्या वर्षीची तालीम, घामानं भिजलेली मी, पुन्हा पुन्हा तीच उडी. वर लिहिलं, 'दुखलं तरी थांबायचं नाही.' मराठीत लिहिलं, वणीच्या मुली बघतात म्हणून. या वर्षातला सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ ठरला.

संध्याकाळी क्लासचा जिना उतरताना पाय इतका ठणकला की भिंतीला धरून उभी राहिले.

१८ डिसेंबर

अतियानं नुजहतसाठी पॉइंट शूज मागवले. ज्यांच्या टोकावर आम्ही उभ्या राहतो ते बूट. कुठून तरी ऑनलाइन आलेले, मापाला मोठे, टोकाला पुठ्ठ्यासारखे. जानेवारीत मुलींचा कार्यक्रम आहे, नुजहत त्यात हे घालून नाचणार होती.

मी बूट तिच्या हातातून काढूनच घेतले. "अजून दोन-तीन वर्षं नाही. घोट्यात ताकद यायला लागते. हे घालून ती मोडेल."

अतिया लगेच म्हणाली, "तुम्ही म्हणता तं नाही घालत."

इतकी सहज ऐकते. पण नुजहत खवळली. "प्रेरणा मॅडम तं घालते!"

"त्या मोठ्या आहेत."

"तुम्हाले काय माहीत, शीलाताई? तुम्ही पाह्यलं तरी काय त्यायले?"

अतियानं तिला एकदम दटावलं. "नुजहत! चूप. माफी माग ताईची."

२३ डिसेंबर, मंगळवार

नुजहत पडली.

साध्या उडीत. दोन्ही पायांवर उतरली, मी सांगितलं होतं तशीच, आणि किंचाळली. युनूसभाई खालून ग्रीसच्या हातांनी धावत आले आणि तिला उचलून दवाखान्यात नेलं. अतिया आणि मी मागून. नडगीच्या हाडाला चीर. डॉक्टर म्हणाले, आजची नाही. कितीतरी दिवसांपासून दुखत असणार, पोरगी बोलली कशी नाही?

युनूसभाई तिला म्हणाले, "बोलली काहून नाही बेटा?" ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

ते औषधं आणायला गेले तेव्हा तिनं माझा हात धरला. "ताई, मॅडमले नका सांगू."

"अतिया मॅडमना माहीत आहे गं."

"त्यायले नाही. प्रेरणा मॅडमले. मी थांबली म्हणून नका सांगू. मी त्यायले रोज मेसेज करते."

घरी येऊन फोन उघडला. अनोळखी माणसांचे निरोप एका वेगळ्या कप्प्यात पडतात. मी तो कप्पा कधी उघडतच नाही, तिथं हजारो असतात. तिचं नाव टाकून शोधलं.

'मॅडम मी वणीची. तुमच्यासारखी होणार.'
'मॅडम आज नवीन ताई आल्या त्या चांगलं शिकवतात पण रागीट आहे.'
'मॅडम पाय दुखते. थांबू का?'
'मॅडम सांगा ना थांबू का.'

आणि तेरा तारखेला, माझ्या व्हिडिओनंतर:
'समजलं मॅडम. नाही थांबत.'

बाबांनी जेवायला हाक मारली. मी गेले नाही.

२४ डिसेंबर

सकाळीच अतियाकडे गेले. क्लासला सुट्टी होती, ती एकटीच खोली झाडत होती. मी ओढणी सोडली आणि सांगितलं. नाव, पाय, व्हिडिओ, निरोप, सगळं. तिनं झाडू भिंतीला लावला.

"च्या घेता काय, प्रेरणाताई?"

"तुम्हाला धक्का नाही बसला?"

"पहिल्या दिवशी बसला होता." ती स्टोव्हकडे वळली. "तुम्ही दारात उभ्या होत्या, पायाचे पंजे असे बाहेर वळवून. इथं कोण उभं राह्यते तसं? दोन वर्षं मी रोज तेच पाय पाहून राह्यली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दुसरं नाव सांगितलं. मले वाटलं, ज्याले लपायचं हाय त्याले लपू द्यावं. आणि खरं सांगू? बोलली असती तं तुम्ही परत आल्या असत्या काय?"

चहा फार गोड होता. "नुजहतचं मी पाहाले पाह्यजे होतं," ती म्हणाली. "मी तिची मॅडम. मले येत नाही काही, अन् मी शिकवते. तिच्या अब्बाच्या पाया पडली काल."

मी म्हटलं, चूक माझी आहे. ती म्हणाली, "दोघींची आहे. वाटून घेऊ."

२६ डिसेंबर

व्हिडिओ केला. बाहेरच्या खोलीत, उजेड खिडकीतून, केस विंचरलेले नाहीत. पायावरचा व्रण दाखवला. आधी मराठीत बोलले. हा पाय जूनपासून नाचलेला नाही. तुम्ही बघत होता ते सगळं जुनं होतं. दुखलं तर थांबा. मी थांबले नाही, म्हणून आज मला थांबवलं गेलंय. मग तेच इंग्रजीत.

टाकण्याआधी एकटीच जाऊन तो नुजहतला दाखवला. तिनं पूर्ण बघितला. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही खोटं बोलल्या." मी हो म्हटलं. तिनं पांघरूण डोक्यावर घेतलं.

काशाला मोकळं केलं, माफी लिहिली. तिनं वाचलं आहे, असं दिसतं.

२ जानेवारी

पहिले दोन दिवस फोन तापेपर्यंत निरोप आले. शूर आहेस. फसवलंस. लवकर बरी हो. एका बाईनं लिहिलं, तुझ्यामुळे मी गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं. तो निरोप मी रोज एकदा उघडते.

आज काहीच नाही. लोक पुढे गेले, जायचेच. मी त्यांच्या जेवणानंतरच्या चार मिनिटांत होते.

कंपनीचीही मेल आली. करार वाढवत नाहीत. भाषा फार सभ्य आहे. फेब्रुवारीअखेर तिथली खोली रिकामी करायची आणि कपाटातलं सामान न्यायचं. दुपारभर कोळशाचे ट्रक न मोजता बघत बसले. बारा वर्षांपूर्वी त्यातल्याच एकाच्या मागे मागे आमची नागपूरची बस लागली होती आणि मला वाटत होतं, हा ट्रक बाजूला झाला की पुढं सगळं मोकळं आहे.

९ जानेवारी

बाबांना सांगितलं. फेब्रुवारीत जायचं आहे, सामान आणायला.

"आणाले?" ते म्हणाले. "का राहाले?"

"आणायला. पुढचं माहीत नाही."

"मंग वापस येशीन?"

"काही दिवस तरी येईन. चालेल ना तुम्हाला?"

ते उठले आणि बाहेर जाऊन तुळशीच्या कुंडीला पाणी घालायला लागले. सकाळीच घातलं होतं. आत आले तेव्हा डोळे लाल होते, धूळ फार आहे म्हणाले. मी घरात राहणार म्हटलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं बहुतेक. विचारायला नको होतं. रात्रीच्या जेवणाला मात्र त्यांनी स्वतः जाऊन वणीहून मासे आणले.

१८ जानेवारी, रविवार

आज मुलींचा कार्यक्रम झाला. वणीत, एका मंगल कार्यालयात. मी बसवलेला साधा नाच, अनवाणी. अतिया पडद्यामागे होती. मला म्हणाली, तुम्ही समोर बसा, तुम्हाले दिसलं पाह्यजे. बाबा मागच्या रांगेत, पांढरा सदरा घालून.

नुजहत माझ्या शेजारच्या खुर्चीत. प्लास्टर घातलेला पाय समोर स्टुलावर. डिसेंबरपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. युनूसभाईंनी तिला आणून बसवलं आणि म्हणाले, "ताई, जरा ध्यान ठेवजा."

दिवे गेले, गाणं सुरू झालं, मुली आल्या. एक जण चुकली, हसली, पुन्हा ओळीत आली. प्रेक्षकांतल्या आया आपापल्या पोरीचं नाव घेऊन हाका मारत होत्या. मी हात मांडीखाली दाबून बसले होते, कारण ते आपोआप उचलले जात होते. बाजूला बघितलं तर नुजहतची चांगल्या पायाची बोटं चपलेत हलत होती, तालावर.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाले कसं वाटून राह्यलं? पाहाले?"

"वाईट," मी म्हटलं.

"लय?"

"लय."

रंगमंचावर मुली गोल फिरत होत्या. मग तिनं विचारलं, "हे जाते काय? का असंच राह्यते?"

गेल्या महिन्यापर्यंत माझ्याकडे याचं एक सुंदर वाक्य तयार असतं.

"माहीत नाही गं. मी पण पहिल्यांदाच खाली बसलीय."

तिनं आपली खुर्ची, पाय स्टुलावर तसाच ठेवून, कुरकुरत माझ्या बाजूला थोडी ओढली. आम्ही दोघींनी शेवटपर्यंत पाहिलं.